मिलच्या आवाजावर निवडलेले स्पीकर

आमच्या घरात हळू कुणी बोलतच नसे. पवनीत आमच्या शेजारी नवीन बिऱ्हाड आलं की त्यांना सुरुवातीला वाटे, या घरात दिवसभर भांडणं चालतात. मग हळूहळू कळे की भांडण नाही, कुणीतरी कुणाला मीठ मागतंय. कारण साधं होतं. घराला लागूनच आमची राईस मिल होती. मधे एक अंगण, अंगणात पेरूचं झाड आणि धान वाळवायचा सिमेंटचा ओटा, आणि पलीकडे पत्र्याच्या छपराखाली ती बया. सकाळी मोटर सुरू झाली की पट्टा फटफट करायचा, धान सडणारा हलर घरघरायला लागायचा, फळीवरची पितळी भांडी थरथरायची आणि पहिला चहा ओतता ओतता आई आपोआप वरच्या पट्टीत जायची. संध्याकाळी मिल बंद झाली तरी आमचे गळे काही खाली यायचे नाहीत. अजूनही माझा फोन आला की माझी सून मोबाईल हातभर लांब धरते. मी तिला म्हणते, अगं बाई, मी हळूच बोलतेय. तिचं माहेर पुण्याचं. तिथे लोक पोळी मागतानासुद्धा कानगोष्ट केल्यासारखे बोलतात, त्याला मी काय करू?

मिल कागदावर दोघा भावांची होती, बाबांची आणि दिनूकाकाची. पण आजूबाजूच्या गावांत ती बाबांच्या नावानं ओळखली जायची, आणि खरं सांगायचं तर नावापेक्षा त्यांच्या कानानं. "तो मानूस डोयानं नाही, कानानं धान पाहते," असं लोक म्हणायचे. हलरपाशी उभं राहून, मान जरा कलती करून, डोळे मिटून ते ऐकायचे. आवाज जाड झाला की काकाला म्हणायचे, "ढिलं कर." आवाज पातळ झाला की, "कस थोडं." बस, एवढंच. पान्याला हात काकाचा, कान बाबांचा, आणि दोघांच्या मधून तांदूळ अख्खा बाहेर पडायचा. आमच्याकडचा चिन्नोर तुम्ही खाल्ला असेल तर मी काय सांगते ते कळेल. बारीक, वासाचा तांदूळ. एका घरात शिजला की गल्लीभर बातमी जाते. पण दाणा मोठा नखरेल, यंत्र जरासं चुकलं की मोडलाच. म्हणून चिन्नोर पिकवणारे लोक जवळची मिल सोडून बैलबंडीनं आमच्याकडे यायचे, आणि बाबांना त्याचा अभिमान होता. का नसावा? दुसरा कसला अभिमान मिरवायला त्यांच्यापाशी नव्हता. ते फार शिकलेले नव्हते, दिसायलाही बेताचेच होते, आणि कीर्तनात पहिल्या अभंगालाच झोपी जात.

मिलवाल्याच्या घरी अख्खा तांदूळ शिजत नाही हे आता मी सांगितलं तर कुणाला खरं वाटत नाही. अख्खा तांदूळ गिऱ्हाइकाचा, कणी आपली. लहानपणी मला पाहुण्यांच्या घरचा लांब दाण्याचा भात पाहून वाटायचं, हे लोक काहीतरी कच्चं खातात. आमच्या आईचा कणीवर हात असा बसलेला होता की काय सांगू! कणीचा मऊ भात आणि वर लाखोरीच्या डाळीचं वरण, उन्हाळ्यात ताकातली आंबील, पाहुणा आला की पिठाचे पातळ चिले, आणि लाखोरीच्या वड्यांत थोडं कणीचं पीठ, म्हणजे वडा बाहेरून करकरीत. एरवी ही कणी महिनाभर पुरवून पुरवून वापरावी लागायची. पण ज्या हंगामाची ही गोष्ट आहे त्या हंगामात घरात कणी मावेना. डबे भरले, पिंप भरलं, मग आईनं लग्नातला पितळी हंडाही काढला. रोज कणीचं काहीतरी. आम्ही पोरं खूश. आई मात्र प्रत्येक डबा भरताना च्‌च्‌ करायची, कारण आमच्या हंड्यात कणी वाढली म्हणजे गिऱ्हाइकाच्या पोत्यात तांदूळ मोडला, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

बाबांचं म्हणणं एकच, दिनूचं लक्ष नाही. काकाचं नुकतंच लग्न झालेलं, काकू पहिल्या बाळंतपणाला माहेरी, मोहाडी तालुक्यातल्या आंधळगावला गेलेली, त्यामुळे बाबांना कारण आयतंच सापडलं होतं. "याचं मन मोहाडी तालुक्यात, हात पवनीत," असं ते चारचौघांत म्हणायचे. काका हसून सोडून द्यायचा. मग एके दिवशी नदीपलीकडचे एक म्हातारे शेतकरी चिन्नोर घेऊन आले. वर्षानुवर्षांचं गिऱ्हाईक. पोरीचं लग्न होतं, त्याचाच तांदूळ. पहिलं पोतं निघालं तसा त्यांनी एक मूठ घेतली, तळहातावर पसरली आणि बाबांपुढे धरली. रागावले नाहीत. "पोरीच्या लग्नात पाव्हन्याइले कनी वाढू का, भाऊ?" एवढंच म्हणाले आणि उरलेली पोती बंडीत परत चढवायला लागले. बाबांचा चेहरा काळाठिक्कर पडला. बंडी वळेपर्यंत ते थांबले आणि मग सगळ्या लोकांसमोर काकावर ओरडले, "हात हाये का पाय हाये बे तुहा? मी सांगतो एक, तू करतं एक! नाव बुडवलं लेका, बापाचं नाव बुडवलं!"

काकानं हात धुतले, घरात आला आणि आई झिंगे निवडत बसली होती तिच्यापाशी उकिडवा बसला. "वैनी, मी आता आंधळगावलेच जातो. सासरा म्हनते, धंद्यात ये. भाऊ सांगते तसंच करून राह्यलो मी. ढिलं म्हनते तं ढिलं, कस म्हनते तं कस. आनखी काय करू?" आई एकदम भडकली. कुणावर ते तिलाही कळलं नसेल. "जा ना! अन् मिलची वाटनी कशी करता सांग मले. एकाले मोटर अन् एकाले पट्टा? दोघंही बसा मंग आपलं आपलं पकडून." आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली. मला तेव्हा फार राग आला होता बाबांचा. आमच्या काकासारखा गरीब माणूस सगळ्या गावात नव्हता, आणि तोच जायला निघाला होता.

आता तुम्ही म्हणाल, यात स्पीकर कुठून आले. ते याच दिवसांत आले, आणि आले ते बाबा रेडिओवर चिडले म्हणून. बाबांना रेडिओचं वेड होतं. गाण्यातलं त्यांना काही कळत नसे, पण संध्याकाळच्या बातम्या आणि त्यानंतरची भजनं याशिवाय त्यांना जेवण गोड लागत नसे. तर गेली दोनेक वर्षं त्यांची तक्रार सुरू होती की रेडिओवाले बिघडले. "आजकालचे हे लोक तोंडात भात ठेवून बातम्या देते." आधी त्यांनी रेडिओ दुरुस्त करून आणला. मग नवा घेतला. मग नव्याला शिव्या घातल्या. अशात ते भंडाऱ्याला एका व्यापारी मित्राकडे गेले होते, तिथे त्यांनी मोठ्या स्पीकरवर मृदंग ऐकला, आणि घरी आले ते नाचतच. "अवं, मृदंगवाला असा पुढ्यात बसला होता! छातीत वाजून राह्यलं होतं!" त्या मित्राला ते स्पीकर करून देणारे सातपुतेजी नागपूरचे. परदेशातून भाग मागवायचे आणि सागवानाचे डबे स्वतःच्या हातानं करायचे. चांगल्या बंगल्यांतूनच त्यांचं काम असे. मिलमधे एवढं चाललेलं असताना हे सोंग कशाला, असं आई बोलली. पण मला वाटतं, बाबांना तेव्हा घरात काहीतरी नीट वाजायला हवं होतं.

सातपुतेजी आले ते जीपमधे दोन जोड्या घेऊन. सडपातळ माणूस, पांढरा शर्ट, आणि बोलणं इतकं हळू की आमच्या घरात ते आजारी असल्यासारखे वाटायचे. एक जोडी कमरेएवढी उंच, तिच्यात आवाज काढणारी ताटाएवढी कागदी परडी. दुसरी जोडी लहान, धान मोजायच्या पायलीपेक्षा थोडी मोठी, आणि किमतीनं मात्र मोठीच्या वरताण. हे ऐकून बाबा दुखावलेच. "लहान माल महाग? हा कोनता न्याय हो?" सातपुतेजी हसले. "भाऊसाहेब, मोठ्यात दम आहे. छोट्यात खरेपणा आहे. माझ्या सांगण्यावर जाऊ नका. दोन्ही इथं ठेवतो, तुम्ही घरात ऐका. जे कानाला पटलं ते ठेवा, दुसरं मी घेऊन जातो." हीच त्यांची विकायची रीत. आता माझा मुलगा फोनवर बोट फिरवून स्पीकर मागवतो आणि नाही आवडला तर परत पाठवतो, तेव्हा मला सातपुतेजी आठवतात. फरक एवढाच की ते स्वतः तार जोडून द्यायचे आणि जेवूनही जायचे.

नवी वस्तू घरात आली म्हणजे आधी पूजा. आईनं चारही डब्यांना हळदकुंकू लावलं, झेंडूचं एकेक फूल ठेवलं, आणि फक्त छोट्या डब्यात, वरच्या भागात, बारीक आवाज काढणारी जी इवलीशी रेशमी टोपी होती तिला कुंकवाचं बोट लावायला गेली तशी सातपुतेजींनी जन्मात पहिल्यांदा आवाज चढवला असेल, "वहिनी, तिथं नको!" आई दचकली. "काहून? देव थुतंच बसला हाये का?" "तिथंच बसला आहे असं समजा," ते म्हणाले. मग कुंकू लाकडावर लागलं. त्यांनी भजनाची एक, शास्त्रीय गाण्याची एक आणि लावणीची एक अशा कॅसेट लावून दाखवल्या. मला तर छोटी जोडी ऐकून अंगावर काटा आला. गाणारी बाई श्वास घेते तेही ऐकू येत होतं, बांगडीला बांगडी लागली तेही. काकाही दाराशी उभा राहून मान डोलवत होता. बाबा मात्र मोठ्या जोडीसमोर मांडी घालून बसले आणि हलले नाहीत. "यात जीव हाये. त्या छोट्यात काही नाही, आवाज कुठी घोंगडीखाली दबल्यासारखा वाटते." आम्ही सगळे म्हणालो, बाबा, उलट आहे, छोटंच मोकळं आहे. ते म्हणाले, "तुमाले का समजते?" झालं. जेवताना वाद, चहाला वाद. वडे तळता तळता आईसुद्धा झारा हलवून आपलं मत द्यायची.

शेवटी बाबांनीच तोड काढली, आणि ती फक्त आमच्याच घरात निघू शकली असती. पुढच्या खेपेला सातपुतेजी आले तेव्हा ते म्हणाले, "गान्यातलं मले समजत नाही, कबूल. पन माह्या मिलचा आवाज मले समजते. तुमच्या टेपमधी माही मिल भरा. जो डबा माही मिल खरी वाजवन, तो ठेवतो." सातपुतेजींचा चेहरा असा फुलला की बस. इतक्या बंगल्यांत फिरलो, म्हणाले, असं कुणी बोललं नाही. टेप आणि माईक घेऊन ते मिलमधे गेले. बाबांनी स्वतः माईक हातात धरला, हलरच्या अगदी अंगाशी, जिथून आवाज "मुयातून" येतो म्हणून त्यांचं मत होतं तिथे. काका पोती ओतत होता. कॅसेट भरली. मग मिल बंद केली आणि दुपारची जेवणं उरकून आम्ही बैठकीत बसलो. काकाला मीच ओढून आणलं. तो दुसऱ्या दिवशी आंधळगावला निघणार होता, त्याची पेटी बाहेरच्या खोलीत बांधून तयार होती.

आधी मोठी जोडी. टेप लावला आणि घरात मिल शिरली. घरघर, फटफट, सगळं. जमीन हादरत होती. बाबांनी डोळे मिटले, मान कलती केली, अगदी हलरपाशी उभे राहत तशी. "हे पाहा," ते म्हणाले, "हे माही मिल. हुबेहूब." खरंच तशीच वाजत होती, त्यात वाद नव्हता. मग सातपुतेजींनी तारा बदलल्या आणि तीच कॅसेट छोट्या जोडीवर लावली. घरघर तीच, थोडी आटोक्यातली. पण तिच्या वरून, सगळ्या आवाजाच्या डोक्यावरून, एक शिट्टी. बारीक, सतत, मधेच कापरी होणारी, दातांत सळसळणारी. मी कानांवर हात ठेवले. आई स्वयंपाकघरातून ओल्या हातानंच धावत आली, "काय वाजून राह्यलं वं?" सातपुतेजींचा चेहरा उतरला. त्यांना वाटलं, आपल्या रेशमी टोपीतच काहीतरी बिघडलं. त्यांनी घाईनं भजनाची कॅसेट लावली. स्वच्छ. पुन्हा मिलची लावली. शिट्टी. पुन्हा भजन, पुन्हा मिल. शिट्टी कॅसेटमधेच होती.

बाबा आमच्या तोंडाकडे आळीपाळीनं पाहत होते. "का झालं बे? बंद काहून करून राह्यले घडी घडी?"

"बाबा, शिट्टी!" मी म्हणाले.

"कोनती शिट्टी?"

 टेप चालूच होता, शिट्टी चालूच होती, आणि बाबा हसऱ्या तोंडानं वाट पाहत होते, की कुणीतरी गंमत करतंय आणि आता सांगेल. काका डब्याजवळ जाऊन खाली बसला, कान लावला आणि हळू म्हणाला, "भाऊ, बेअरिंग हाये. शाफ्टचं. कोरडं पडलं." "वा रे!" बाबा म्हणाले. "बेअरिंग वाजलं असतं तं पहिले मलेच ऐकू आलं नसतं का?"  आईनं खाली पाहिलं. सातपुतेजींनी टेप बंद केला.

बाबा उठले आणि तरातरा मिलमधे गेले. आम्ही सगळे मागे. त्यांनी मोटर सुरू केली, हलर रिकामाच घरघरला. त्या गोंधळात मला तरी काही वेगळं ऐकू येईना, मिलमधे कधी कुणाला ऐकू आलंच नसतं. काकाही रोज तिथेच उभा असायचा, पण पट्ट्याच्या फटफटीत, हातभर लांबून. मग त्यानं मोटर बंद केली आणि पट्टा सरकवला. गडगडाट बसत गेला, शाफ्ट आपल्या वेगानं फिरत राहिला, आणि त्या उतरत्या आवाजातून ती शिट्टी मोकळी झाली, एखादं पाखराचं पिल्लू पत्र्यावर चिवचिवावं तशी. सगळ्यांना ऐकू आली. मी बाबांकडे पाहिलं. ते शाफ्टकडे पाहत नव्हते, आमच्या चेहऱ्यांकडे पाहत होते, वाजतंय का ते आमच्या चेहऱ्यावरून कळावं म्हणून. मला तिथे रडू फुटलं. मग त्यांनी पुढे होऊन बेअरिंगच्या घरावर पंजा ठेवला आणि झटकन मागे घेतला. चटका बसला होता. ते नुसतं "हाव" म्हणाले आणि भिंतीशी रचलेल्या पोत्यांवर जाऊन बसले.

काकानं बेअरिंग उघडलं. आतल्या गोळ्यांना खड्डे पडले होते, ग्रीस जळून काळी पापडी झाली होती. त्यानं शाफ्ट लटलट हलवून दाखवला. तोच हलत होता, आणि तो हलला की हलरमधली फट एका बाजूला कमी, एका बाजूला जास्त. चिन्नोर मोडणार नाही तर काय होणार? बाबा जाड-पातळ ऐकून ढिलं-कस सांगत राहिले, काका तसं करत राहिला, आणि खरं दुखणं दोघांच्या मधे शिट्टी मारत होतं. मला वाटलं, आता काका बोलेल. चारचौघांत जे ऐकून घेतलं ते सगळं बाहेर काढेल. त्याचा हक्कच होता. पण त्यानं हात पुसले आणि म्हणाला, "उद्या भंडाऱ्याहून नवं आनतो." बस. आमचा काका असाच होता, म्हणून तर त्याच्यावर जीव होता सगळ्यांचा.

आई बाबांजवळ जाऊन पोत्यावर बसली. बाबांनी तिच्याकडे पाहिलं. "तुले मालूम होतं?"

"इतके साल संसार करून राह्यली तुमच्यासंगं," आई मोठ्यानं म्हणाली. "मालूम नसन का?"

"मंग सांगतलं काहून नाही मले?"

"सांगतलं ना. दोनदा सांगतलं. तुमाले ऐकू नाही आलं."

 बाबांच्या खांद्यांना हिसके बसायला लागले आणि मला वाटलं रडतात, तर ते हसत होते. हसता हसता मात्र डोळ्यांतून पाणी आलं, आणि मग ते खरंच रडले, पोत्याला टेकून, मिलमधल्या भुशात. आईनं त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. आजच्यासारखं तेव्हा काही नव्हतं. आता कानात घालायचं यंत्र लाखोरीच्या दाण्याएवढं मिळतं आणि माझ्या वयाच्या बायका ते घालून नातवंडांशी भांडतात. पुढे बाबांनाही यंत्र मिळालं, खिशात डबी आणि गळ्यात वायर, पण ते त्यांनी फारसं कधी घातलं नाही. त्यात म्हणे सगळ्यांचाच आवाज आईसारखा यायचा.

नवं बेअरिंग बसलं, मिल सुरू झाली. अंगणात गिऱ्हाइकं होती, दोन-तीन बंड्या उभ्या होत्या. बाबा नेहमीप्रमाणे हलरपाशी गेले आणि मग बाजूला झाले. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "दिनू, इथं तू उभा राह्य. आतापासून ढिलं का कस, तू ठरव. माहे कान गेले. लोकाइच्या चिन्नोराचं नुकसान मी केलं, यानं नाही." म्हणणं सोपं नव्हतं हो. ज्या जागेवर उभं राहून माणसाला नाव मिळालं, ती जागा त्यानं भर अंगणात सोडली. काका म्हणाला, "पन भाऊ, मी तं आंधळगावले चाललो ना." "जा ना," बाबा म्हणाले. "कोन नाही म्हनते? जाय अन् तिले अन् लेकराले घेऊन ये." काकानं जागेवर उभं राहून पान्याला हात घातला, आणि ती पेटी आईनंच आत नेऊन सोडली.

राहिले स्पीकर. सातपुतेजी निर्णय ऐकायला आले तेव्हा बाबांनी आधीच ठरवून टाकलं होतं. "छोटे ठेवतो. त्याइनंच माही मिल वाचवली. खरे तेच हाये. मले नाही ऐकू येत तं माहा दोष, डब्याचा काय?" सातपुतेजींना केवढं समाधान झालं! माणसाला आपला खरा माल ओळखणारं गिऱ्हाईक भेटलं की होतं तसं. मीही खूश, काकाही खूश. ते मोठ्या जोडीच्या तारा काढायला वाकले तेवढ्यात आई स्वयंपाकघराच्या दारातून पुढे आली. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि, आमच्या घरात कधी कुणी बोललं नव्हतं इतक्या हळू आवाजात, म्हणाली, "नाही सातपुतेजी. मोठेच राहू द्या."

"वहिनी, छोटे जास्त खरे आहेत," सातपुतेजी म्हणाले. "तुम्हीच तर परवा म्हणत होता."

"हावजी. खरेच हाये. पन आमाले तं दोन्हीतून ऐकू येते. याइले एकातूनच येते. घरात गानं लागलं, आमी सारे डोलून राह्यलो, अन् हे आपले मधात बसून आमची तोंडं पाहून राह्यले, असे डबे मले नाही पाह्यजे माह्या घरात."

सातपुतेजींनी सोडलेली तार पुन्हा हातात घेतली. काका भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. बाबा पुढच्याच खुर्चीवर होते, पण त्यांना यातलं काही ऐकू गेलं नव्हतं. त्यांनी माझ्या दंडाला हात लावला.

"का म्हनून राह्यली तुही माय?"

मी त्यांच्या कानाशी वाकले आणि ओरडून सांगितलं, "आई म्हणते, मोठेच ठेवा!"

बाबांनी विजयी मुद्रेनं सगळ्यांकडे पाहिलं. "मंग? पहिल्या दिवसापासून मी का सांगून राह्यलो?"